चीजच्या डब्यामागची कुपी

औषधखात्याचे साहेब, स्वस्त म्हणून तुम्ही आमच्या असियूतच्या इस्पितळाला स्नायू सैल करायचं एकच औषध धाडता, हा तुमचा गुन्हा आहे!

डायलिसिस चुकलेल्या हाजा रातिबाचा श्वास कोंडला होता. घशात नळी घालायची, तर आधी स्नायू सैल करणं भाग होतं. डॉक्टर नजलाचा हात सवयीने तुमच्या त्या स्वस्त सक्सिनिलकोलिनकडे गेला. म्हातारा नर्स शनूदा याने तो धरला.

"पोरी, हिचं पोटॅशियम आधीच चढलंय. या औषधाने ते आणखी चढेल, हृदय थांबेल."

"मग काय फुंकर घालू, काका?"

त्याने फ्रिजमधल्या आपल्या चीजच्या डब्यामागून पोटॅशियम न चढवणाऱ्या महागड्या रोक्युरोनियमची लपवलेली, शेवटची कुपी काढली.

"याचा अंमल तासभर राहतो, तोवर तिला स्वतः श्वास घेता येणार नाही. नळी बसलीच पाहिजे."

बसली. नजलाने त्याच्या टकलाचा मुका घेतला.

साहेब, उद्या अशीच दुसरी म्हातारी आली, तर काय टोचायचं? उत्तर द्या.