वाळूला पोट नसतं

बायको गेल्यावर कपाशीचं पाणी त्याच्याकडे आलं. ती ठिबकने रोज थोडं थोडं द्यायची. त्याला वाटलं, रोज कशाला खेटे घालायचे? त्याने आठवड्याचं पाणी एकदमच सोडलं. शेतातल्या वाळूने ते गटागटा गिळलं, कपाशीने माना टाकल्या आणि पाती, म्हणजे फुलाआधीच्या कळ्या, टपाटप गळू लागली. अशाने बोंडं कुठून धरणार?

राहायला आलेली मेहुणी बांधावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दाजी, वाळूला पोट नसतं. आठवड्याचं एकदम वाढलंत तर पाताळातच जाणार!"

"मग काय, चमच्याने भरवू?"

"भरवा. ताई तेच करायची."

एक नळी तुंबली होती. तो तोंड लावून फुंकत असताना मेहुणीने कॉक सोडला आणि सगळा गाळ थेट त्याच्या मिशांत! ती हसून हसून खाली बसली. तोही हसला, फार दिवसांनी.

मग तो रोज सकाळी ठिबकने थोडंच पाणी सोडून, वाकून गळलेली पाती शोधू लागला. एके दिवशी एकही सापडलं नाही. चपला तिथेच टाकून तो घराकडे पळाला आणि दारातूनच ओरडला, "अगं, थांबली! गळ थांबली!"

आत मेहुणी केर काढत होती. हाक तिला नव्हती, हे दोघांनाही कळलं.

"ऐकलं हो तिने," मेहुणी म्हणाली. "साऱ्या गावाने ऐकलं. पण कॉक बंद केलात का?"

"अरे देवा!" म्हणत तो हसत हसत, अनवाणीच, पुन्हा शेताकडे पळाला.