चिंचेची तार

"बाबा, हात नका लावू. पाटी बघा ना," मुलगी म्हणाली.

मी हात मागे घेतला. पाटी मी वाचली होती, पण समोरचं बघून हात आपोआप पुढे गेला. टेबलावर ताटाएवढी उथळ कुंडी होती आणि तिच्यात एक आख्खं जंगल. मोठी झाडं मधे, लहान कडेला, आणि त्यांच्यातून पायवाटेसारखी मोकळी माती. वाकून पाहिलं तर वाटावं, आत्ताच या वाटेनं कोणीतरी आत गेलंय.

मी विजेच्या मोटारी गुंडाळतो. जळलेली मोटार आली की आतली काळी पडलेली तार कापून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून भरायची. आयुष्य त्यातच गेलं. झाडांचं खातं बायकोकडे होतं. दर वर्षी बॉन्सायचं प्रदर्शन असलं की मी तिला कुंडीसकट स्कूटरवरून या दारापर्यंत सोडायचो आणि दुकान गाठायचो. आत काय असतं ते आज पहिल्यांदा बघत होतो.

ती गेल्याला वर्ष होत आलं. घरी खिडकीत तिची एक चिंच आहे, दीड वीत उंचीची. ती सिस्टरना देऊन टाकावी असं मुलीचं म्हणणं. सिस्टर म्हणजे बायकोला हे सगळं शिकवणाऱ्या बाई. नर्स होत्या, निवृत्त झाल्या, तरी सगळे सिस्टरच म्हणतात. त्यांना विचारायलाच आम्ही आलो होतो.

त्या कुठे दिसेनात, म्हणून आम्ही टेबलांच्या कडेनं चालू लागलो.

एका झाडाची मुळं दगडावरून खाली उतरली होती. उतरली कसली, दगड त्यांनी मुठीत धरला होता. दुसऱ्याचं खोड पोकळ झालेलं. इतकं, की पलीकडची खिडकी त्यातून दिसत होती. उरली होती फक्त एका बाजूची साल, आणि तेवढ्या सालीवर वरती कोवळी पानं फुटली होती. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. तेवढ्याशा सालीतून पाणी वर कसं जात असेल, हेच डोक्यात घोळत होतं.

डाळिंबाचं एक झाड होतं गुडघ्याएवढं, आणि त्याला लागलेलं डाळिंब मात्र बाजारात मिळतं तेवढंच. फांदी बिचारी दमली होती.

"फळ नाही का लहान होत?" मी शेजारच्या बाईंना विचारलं.

"पानं लहान होतात. फळ ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "पोरीच्या कडेवर तिच्याएवढंच पोर दिल्यासारखं दिसतं. तुम्ही हे बघा, हे आमचं."

त्यांचं झाड त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं. खोडाला म्हाताऱ्या माणसाच्या मानेसारख्या वळ्या होत्या.

"मी लग्न होऊन आले तेव्हा घरात मला दोन सासवा. एक बोलणारी आणि एक ही. बोलणारी गेली. ही अजून सकाळी झोपू देत नाही."

मुलगी हसली. मीही हसलो. हॉलमध्ये एवढी माणसं होती, पण कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आपल्या आधीपासून जगणारं आणि आपल्यानंतरही राहणारं काहीतरी टेबलावर ठेवलंय, आणि ते हाताच्या बोटांनी सांभाळलेलं आहे, हे सगळ्यांनाच कळत असावं. ही एवढी दुनिया बायकोनं आमच्या गॅलरीत आणली होती आणि वर भाजीही वेळेवर करत होती.

सिस्टर शेवटच्या टेबलापाशी पाण्याचा फवारा मारत होत्या. मला बघून त्यांनी फवारा खाली ठेवला.

"आलात. बरं वाटलं. चिंच कशी आहे?"

"आहे. पाणी घालतो."

"पाणी अगदी वेळेवर घालतात," मुलगी म्हणाली. "पण सिस्टर, बाकीचं त्यांना नाही जमायचं. तुम्ही ठेवून घ्याल का?"

सिस्टरनी मला विचारलं, "पुढच्या फांदीची तार कधी काढलीत?"

"काढायची असते?"

"अजून तशीच आहे?"

"तिनं लावलेली आहे," मी म्हणालो.

ती तार माझ्याच दुकानातली. "जाड द्या, आणि तापवून मऊ करून द्या," असं बायकोनं सांगितलं होतं. पुढची फांदी तिला खाली आणायची होती. झाड म्हातारं दिसायला हवं तर फांद्या खाली झुकलेल्या लागतात, म्हणाली. मी विचारलं, "मग मला कशानं वाकवलंस?" तर म्हणाली, "तुम्हाला तार लागलीच नाही." स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिनं ती गुंडाळली. मधेच दम लागला म्हणून थांबली, तिथे एक वेढा दुसऱ्यावर चढलाय. दुकानात असा वेढा मी ठेवला नसता. तिचा राहू दिला. त्यानंतर तिनं झाडाला हात लावला नाही, दवाखानाच सुरू झाला. रोज पाणी घालताना मी तो चढलेला वेढा बघतो. तिथे तिचा अंगठा होता.

यातलं मी सिस्टरना काही सांगितलं नाही. त्यांनी मला बाजूच्या झाडापाशी नेलं. त्याच्या फांदीभोवती सालीत खोल गेलेला पीळ होता, जखम भरून आल्यासारखा.

"हे माझं. वेळेवर काढली नाही. फांदी जाड होत जाते, तार होत नाही. मग ती आत रुतते. हा वण जायचा नाही. आणखी राहिली असती तर वणाच्या पुढची फांदी वाळली असती."

"पण काढली की ती वर जाईल ना परत?"

"एवढ्या दिवसांत शिकली असेल. नसेल शिकली तर जाईल वर." मग म्हणाल्या, "तिला काय हवं होतं? तार की फांदी?"

सिस्टरनी त्या वणावरून बोट फिरवलं.

"उलगडायला जाऊ नका, मोडेल. जागच्या जागी तुकडे करायचे. ते तर तुम्हाला मी सांगायला नको. आधी ते करा, मग कोणाला द्यायची ते ठरवा."

घरी आल्यावर मी चिंच टेबलावर घेतली. संध्याकाळ होत आली होती, पानं मिटायला लागली होती. मुलीनं खालून कुंडी धरली. मी कटर घेऊन टोकाकडून सुरुवात केली. जळलेल्या तारा कापताना माझा हात कधी थांबला नव्हता. इथे प्रत्येक वेढ्याला थांबत होता. तुकडा सुटला की खाली सालीवर फिकट, तिरकी रेघ दिसायची. चढलेल्या वेढ्यापाशी तार जराशी आत गेली होती. तिथे मी श्वास रोखून कटरचं टोक घातलं. तुकडा निघाला. साल शाबूत होती.

"सिस्टरना काय कळवू?" मुलीनं विचारलं.

"तार काढली म्हणून कळव. आणि पुढच्या वर्षी टेबलावर वीतभर जागा ठेवा म्हणावं."

ती तुकडे गोळा करायला लागली. माझं एक बोट मात्र अजून फांदीवर होतं, ती वर जाऊ नये म्हणून दाबून धरलेलं. मी ते हळूच उचललं.

फांदी बायकोनं ठेवली होती तिथेच राहिली.