घरगाडीखालची वाटी

टप्प.

स्टीलच्या वाटीत थेंब पडला आणि पन्नासेक माणसांनी धरून ठेवलेला श्वास एकदम सोडला. "आला! आला!" पुढच्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले, मागच्यांनी मोबाइल उंच केले. माझ्या सासूबाई गाडीच्या मागच्या चाकाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली आणि आत वाकून मालवणीत हळूच विचारलं, "इलंस रे बाबा?"

वाटी माझ्या निहारची. बारशाला मिळालेली, आत तळाशी त्याचं नाव कोरलेली. त्या नावावर आता काळं तेल साचत होतं.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतला हा आठवा शनिवार.

गाडी देवेशची, माझ्या नवऱ्याची. शाळेची जुनी डिझेल मिनीबस त्याने स्वस्तात घेतली होती आणि चार वर्षं रविवारी खपून तिची घरगाडी केली होती. मागे आडवा पलंग, मध्ये छोटा ओटा, निहारला चित्रं काढायला खिडकीशी एक फळी. उन्हाळ्यात तिघांनी वेंगुर्ल्याला जायचं, पडदेसुद्धा मी शिवून ठेवले होते. गणपती झाल्यावर त्याला ताप आला. आठ दिवसांत संपलं. शेवटचे दोन दिवस डॉक्टर सांगत होते, आतून रक्त जातंय, कुठून ते शोधतोय. ते शोधतच राहिले.

त्याच्यामागे गाडी तशीच उभी राहिली. बॅटरी मरू नये म्हणून देवेश दर शनिवारी सकाळी आठला ती पंधरा मिनिटं चालू ठेवायचा. ते काम आता खालच्या मजल्यावरचे दादूकाका करत. ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी गेटबाहेरचा रस्ता काँक्रीटसाठी खणला, तेव्हा कमिटीने गाडी फिरवून तोंड भिंतीकडे आणि पाठ गेटकडे अशी लावून घेतली. त्यानंतरच्या शनिवारी पहिल्यांदा मागे तेल दिसलं. इंजिन पुढे, तेल पार मागे, आणि तेही बरोबर देवेशच्या पलंगाखाली. इतर दिवशी टिपूस नाही.

कुणाच्या तरी ओळखीने देवव्रत महाराज आले. पांढरी लुंगी, मनगटावर घड्याळ, कानात बिनवायरचं यंत्र.

"सांगा भक्तांनो, इंजिन पुढे आणि तेल मागे, कसं? इथे इंजिनियर बसलेत ना? बोला ना! विज्ञान गप्प बसलं की आम्ही बोलतो. हे तेल नव्हे. हा अडकलेल्या जिवाचा घाम आहे. शनीच्या दिवशी त्याची फ्रीक्वेन्सी जुळते!"

फ्रीक्वेन्सी म्हटल्यावर आमच्या विंगमधले दोन बी.ई. झालेले मुलगेही मान हलवू लागले.

त्या आठव्या शनिवारी महाराजांनी निहारच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या शनिवारी नववा थेंब याच्या जिभेवर द्यायचा. पोराने बापाला चाखलं की बाप मोकळा झाला."

वर आल्याबरोबर मी सासूबाईंना म्हटलं, "आई, ते इंजिनातलं जळकं तेल आहे. पोराच्या तोंडात घालायचं? विष आहे ते!"

त्या पोळपाट पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुका तो थांबाक नको हा? माझो झील आठवड्यातून एकदा येता, ताय तुका खुपता?"

मुलगा गेल्यापासून ही बाई धड जेवत नव्हती. शनिवारी मात्र आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून खाली जायची, वाटीशी तासभर बोलायची आणि वर येऊन दोन घास खायची. तेवढंच मी तिच्याकडून काढून घ्यायला निघाले होते.

निहार पाच वर्षांचा. झोपताना माझा हात धरून म्हणाला, "आई, थेंब गिळला की बाबा माझ्या पोटात राहतील?"

"झोप रे राजा."

मला आठवत होतं ते भलतंच. निहार सहा महिन्यांचा असताना त्याच्या अंगाला लावायच्या पावडरचा डबा नाहीसा झाला होता. खाली जाऊन बघते तर देवेशने इंजिन पुसून त्यावर अख्खा डबा उपडा केलेला!

"वेडा आहेस का रे? पोराची पावडर इंजिनाला?"

"अगं, ओरडू नको, बघ तरी. सगळं पांढरं केलं की गाडी चालू करायची. जिथून तेल येतं तिथून पावडरीत ओली रेघ उमटते. डाग जिथे पडतो तिथे काहीच बिघडलेलं नसतं गं. तेल लांबून चालत आलेलं असतं."

मी तेव्हा त्याला पावडरच्या पैशांवरून बोलले होते. त्याचं म्हणणं मी ऐकलंही होतं, हे आत्ता कळत होतं.

शुक्रवारी दुपारी सासूबाई आडव्या झाल्यावर मी खाली गेले. निहार मागोमाग आला. ड्रायव्हरच्या सीटजवळचं इंजिनाचं झाकण उघडलं, फडकी डिझेलमध्ये भिजवून सगळं पुसलं. गाडीखाली पुढून मागे जाणारी लोखंडी पट्टी आहे, तीही निजून निजून पुसली. ती तेलाने आधीच माखलेली होती. सुकल्यावर निहारने डबा पुढे केला. "मी टाकू?" दोघांनी मिळून सगळं पांढरं केलं. मग गाडीच्या मध्यावर त्या पट्टीला मी देवेशचा जुना बनियन घट्ट गुंडाळला. बनियनला अजून देवेशचा वास होता.

शनिवारी आठला दादूकाकांनी गाडी चालू केली, सव्वाआठला बंद केली. अकराला महाराज आले. गर्दी नेहमीपेक्षा दुप्पट. निहारला पाटावर बसवलं, नवा सदरा घालून. मी त्याच्या शेजारी बसले. थेंब पडलाच असता तर मी त्याला उचलून पळाले असते, एवढं ठरवलं होतं.

अकरा वाजून गेले. उदबत्त्यांची राख पडली. साडेअकरा. वाटी गप्प.

"इथे कुणीतरी शंका घेतंय," महाराज म्हणाले. "शंकेने फ्रीक्वेन्सी तुटते."

"शंका माझी आहे," मी उठले. "महाराज, वाटी दर वेळी नेमकी इथेच का ठेवता?"

"जीव जिथे बोलावतो तिथे."

तेवढ्यात दादूकाका गर्दीतून म्हणाले, "आणि मला दर शनिवारी फोन का करता हो? 'गाडी चालू केलीत ना, किती मिनिटं?' मला वाटलं, पूजेचा काही नियम असेल."

कुणीतरी फिसकन हसलं. मी गाडीखाली सरकले, बनियन सोडून आणला आणि सगळ्यांसमोर वाटीत पिळला. काळं तेल बोटांतून ओघळलं.

"हा तुमचा नववा थेंब. वाटेत अडवला होता. कंपाउंडचा उतार गेटकडे आहे. आधी तेल तिथेच इंजिनाखाली पडत असणार, कुणी वाकून पाहिलं नाही. गाडी फिरवल्यापासून तिचं तोंड चढाला आणि पाठ उताराला आली. इंजिनातून सुटलेलं तेल या पट्टीवरून घसरत मागे येतं, त्याला तीन तास लागतात. इंजिन चालू असेल तेव्हाच तेलाला दाब असतो, म्हणून फक्त शनिवारी. शुक्रवारी चालू केली असती तर हा जीव शुक्रवारी आला असता." मी वाटी महाराजांपुढे धरली. "तरी पवित्र वाटत असेल तर हे पिळलेलं आधी तुम्ही चाखा."

"आज माझा उपास आहे," महाराज म्हणाले. आता सगळेच हसले. ते लुंगी सावरत गेटकडे निघाले, तेव्हा त्यांच्या मागे जायला कुणी उठलं नाही.

हसल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. मी त्यांचा हात धरून त्यांना पुढे नेलं, झाकण उघडलं. पांढऱ्याशुभ्र पावडरीत एकच काळी रेघ होती, ऑइल फिल्टरच्या बुडापासून निघालेली. त्यांचं बोट मी त्या रेघेवर ठेवलं. बोट खाली उतरत गेलं, पट्टीपर्यंत.

दादूकाकांनी फिल्टर फिरवून काढला आणि थबकले. "दोन रिंगा आहेत बघ पोरी. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली, त्यावरच नवा बसवला. घाईत होतं असं. कुणी बदलला होता?"

मला माहीत होतं. ताप आला त्याच्या आदल्या दिवशी. अंग दुखतंय म्हणत होता, तरी खाली गेला होता.

दोन्ही रिंगा माझ्या तळहातावर होत्या. देवेशची चूक, त्याच्या हातांनी केलेली, गाडीत राहिलेली. तिला चमत्कार म्हणायचा मोह मलाही झाला. पण चूक म्हणजे चूकच. तिला पाया पडून माझं माणूस परत आलं नसतं, पोर मात्र गेलं असतं.

म्हणून हे सांगते आहे. ज्यांच्या घरातलं कुणी गेलंय त्यांना तर हात जोडून सांगते. दुःख असलं की डाग दिसेल तिथे माथा टेकावासा वाटतो. टेकण्याआधी एकदा विचारा, हा आला कुठून? आणि वाट सांगायला जो पुढे येतो, त्याला त्यातून काय मिळणार आहे?

सासूबाई गाडीच्या पायरीवर बसल्या. बोटावरचं तेल बघत म्हणाल्या, "मगे इतके शनवार मी कोणाशी बोललंय गो?"

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचं बोट माझ्या पदराने पुसलं. "माझ्याशी बोला, आई," एवढंच सुचलं. त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.

घरी येऊन मी वाटी राखेने घासली. नाव पुन्हा दिसू लागलं. निहार ओट्याशी उभा राहून बघत होता. पावडरचा डबा अजून त्याच्या काखेत होता. त्याने तो कानाशी हलवून पाहिला, तळाशी थोडी शिल्लक होती.

"आई," तो म्हणाला, "बाबा कुठून गेले, ते पण पावडर टाकली की दिसेल?"