एल्कचा मागचा पाय

"आधी लिव्हर ओढून आत बघायचं, मग नक्षीचं कौतुक. रिकामी आहे हे ठाऊक असलं तरी."

बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रायफल हातात घेतली की थोराला हे वाक्य ऐकू येई. तिने लिव्हर खाली ओढली, आत डोकावून पाहिलं, लिव्हर मिटली आणि मगच रायफल हिरव्या मखमलीवर ठेवली. लुइसटाउनच्या जत्रेच्या मैदानावरचा पत्र्याचा हॉल एव्हाना भरत आला होता. टेबलं पुष्कळ होती, पण लोक थांबत होते ते तिच्याच टेबलापाशी. रायफलीच्या उजव्या पोलादी बाजूवर कोरलेल्या पाइनच्या झाडांतून एक एल्क, सांबरासारखा थोराड, बाहेर पडत होता. मान वर, शिंगं पाठीवर टेकलेली.

"आमचे बोमानसाहेब आले का?" हार्लनने कॉफीचा कप लांब धरून विचारलं. जुन्या बंदुकांच्या या मेळाव्यात परीक्षक म्हणून त्याचाच शब्द चाले. नक्षी उलरिक बोमानची, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या बंदुकीच्या कारखान्यातल्या एका नामांकित कारागिराची, हे पहिल्यांदा त्यानेच सांगितलं होतं.

"कप मागे ने आधी."

"नेला, बाई, नेला! तो मागचा पाय बघ ना. जरा आखूडच. घाईत असला की बोमानचा पाय असाच आखूड होई. मी त्याच्यावरूनच तर ओळखला." त्याने आवाज खाली आणला. "चार वाजता म्युझियमच्या बाई येतायत. एकदा काचेमागे गेली, की खाली मालक म्हणून तुझ्या बाबांचं, निल्स टोर्गरसनचं नाव लागेल."

थोराने कॉलर उगीचच नीट केली. बाबांचं नाव पितळी अक्षरांत कसं दिसेल, हे तिने कितीदा तरी मनात पाहिलं होतं.

दुपारी ती आईकडे जेवायला गेली. सिग्रिड नव्वदीची. हल्ली घराबाहेर पडत नसे, पण सकाळचं प्रार्थनेचं पुस्तक तिने एक दिवसही चुकवलं नव्हतं. थोराने बटाट्याच्या पोळीला लोणी लावून तिच्यापुढे ठेवलं आणि मेळाव्याची छापील पुस्तिका समोर धरली.

"बघ आई, बाबांची रायफल. मुखपृष्ठावर."

सिग्रिडने चष्मा पुसला. फोटो पाहिला, खालचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"हा बोमान कोण?"

"ज्याने कोरली तो. केवढा मोठा कलाकार होता!"

"असेल. पण हा पाय त्याच्या माथी कशाला मारता? तो माझ्या हातून चुकलाय. स्वयंपाकघरातली शेगडी विझली होती, बोटं वळेनात."

थोराचा घास हातातच राहिला.

"तू?"

"माझे वडील चर्चचे चांदीचे पेले कोरायचे. त्यांची हत्यारं मी लग्नात घेऊन आले. तुझ्या बाबांनी ही जुनी, साधी, गंजकी रायफल आणली, मी हिवाळाभर बसले. ते म्हणाले, घरातली वस्तू घरात राहील, कुणाला सांगायचं कशाला? तू मेळाव्यात न्यायचीस, मला वाटायचं लोकांना आवडते म्हणून नेतेस."

"आणि डावी बाजू? हार्लन म्हणतो, गिऱ्हाइकाने मुद्दाम कोरी ठेवायला सांगितली."

आई हसली. "कसलं गिऱ्हाईक? मध्येच तू झालीस. मग कुठली आलीय सवड!"

थोरा उठायला लागली तशी सिग्रिडने तिचं मनगट धरलं. "आठवी आज्ञा, पोरी. खोटी साक्ष नको. त्यांना सांग, पाय माझा आहे." जरा थांबून तिने मान ताठ केली. "आणि बाकीचा एल्कही माझाच."

"सांगते."

हॉलमध्ये परतल्यावर थोराने पर्समधून भिंग काढलं. जुन्या गंजाचे बारीक खड्डे एल्कच्या पोटाजवळ होते. छिन्नीची रेघ त्या खड्ड्यांना कापत स्वच्छ पुढे गेली होती. आधी गंज, मग नक्षी; कारखान्यात कोरली असती, तर नव्या कोऱ्या पोलादावर कोरली असती. नवख्यांना हीच खूण ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती. स्वतःच्या रायफलीवर भिंग धरावंसं तिला कधी वाटलं नव्हतं. ती किती तरी वेळ वाकून पाहत राहिली. पाइनची एकेक सुई वेगळी होती. एल्कच्या नाकपुडीशी वाफेच्या तीन रेघा होत्या, केसाएवढ्या.

तिने हार्लनच्या हातात भिंग दिलं आणि सगळं सांगितलं. त्याने पाहिलं, भिंग खाली ठेवलं, खुर्ची ओढून बसला.

"आईला म्हणावं, आणखी कुणाला सांगू नको."

"उलट, सांगायलाच पाठवलंय तिने."

"अगं, घरी कोरलेली रायफल कोण घेणार म्युझियममध्ये? निल्सचं नाव जाईल, माझं हसं होईल. आणि तुझ्या हाती काय येईल?"

मखमलीवरचं 'उलरिक बोमान' लिहिलेलं कार्ड थोराने उचलून त्याच्या खिशात ठेवलं आणि खिसा हलकेच थोपटला.

दाराशी म्युझियमच्या बाई बुटांवरचा बर्फ झटकत होत्या. थोराने दोन्ही हातांनी रायफल उचलली. गर्दीने वाट दिली, तशी ती मान वर करून, कसलीही घाई न करता, त्यांच्याकडे चालू लागली.