चांदणी अडली आणि कढईने रेंज धरली

मित्रांनो, माझा एक कान तुटलेला आहे आणि बूड इतकं काळं की अमावस्येनेही लाजावं. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. कढईने चुलीवर असावं हे मलाही कळतं, पण माझा मुक्काम सध्या पाण्यावर आहे. धरणाच्या पाण्यात चालणाऱ्या एका डोंग्यात मी राहते, आणि सुखाने राहते. हे सुख कसं आलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

परतवाड्याच्या रस्त्याला एका घिसाड्याच्या पालात मी जन्मले. तो मला सांडशीत धरून फिरवायचा आणि त्याची बायको वरून घण घालायची. एकेक घाव बसत गेला तशी मी खोल होत गेले. बाजाराच्या दिवशी हुसेनमियांनी मला उचललं, बोटाने वाजवलं, कानाजवळ नेऊन ऐकलं आणि आपल्या बायकोला म्हणाले, "घे हलीमा, आवाज तर खरा आहे."

हलीमाबीने मला घरी नेऊन राखेने घासलं, तेल लावून तापवलं, आणि त्या दिवसापासून मी तिची झाले. आमचं गाव मेळघाटच्या पायथ्याशी, तिन्ही बाजूंनी धरणाच्या पाण्याने वेढलेलं. बाजाराला जायचं तर डोंग्याने पैलतीर गाठायचा. तिथे एसटीच्या थांब्याजवळ कडुनिंबाखाली हलीमाबी चूल मांडायची. मिरचीचं भजं माझ्यात पडलं की असं चुरचुरायचं, जणू कुणी दुरून पैंजण वाजवत येतंय. कापूस वेचून आलेल्या बाया ओच्यात भजी घेऊन खायच्या, म्हणायच्या, "हलीमाभाबी, तुह्या हातात अन् या कढईत काहीतरी आहे वं!" ते ऐकून मी आणखी तापायचे.

पण दिवस काही एकसारखे राहत नाहीत. आधी हुसेनमियां तापाने गेले. मग कपाशीवर बोंडअळी पडली ते साल आलं. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत अळी आणि सडका कापूस. गावोगावची उभी पऱ्हाटी लोकांनी ढोरांपुढे सोडली. हातात काही नसलं की माणूस पहिल्यांदा भजी सोडतो, मित्रांनो. हलीमाबीची चूल थंड झाली. त्यातच एके दिवशी माझा कान तुटला, आणि मी गोठ्याच्या कुडावर पालथी पडून राहिले. पावसाने गंजले, उन्हाने तडकायची बाकी राहिले.

तिथून मला डोंगा चालवणाऱ्या नितेशने मागून घेतलं. "चाची, हे कढई मले दे न. डोंग्यात पाणी झिरपते, उपसाले बरी पडंन."

"ने बापा," हलीमाबी म्हणाली. "इथं तरी काय करून राह्यली ते."

ज्या तोंडाने तेल धरलं, त्याच तोंडाने मी डोंग्यातलं चिखलपाणी भरून बाहेर ओतू लागले. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

हलीमाबीकडे आता एकच धन उरलं होतं. तिची चांदणी. काळीभोर शेळी, कपाळावर पांढरा ठिपका. गाभण होती. चांदणीची पिल्लं आणि तिचं दूध, एवढ्यावर पुढचा पावसाळा काढायचा, असं हलीमाबीने मनात धरलं होतं. बोंडअळीने खाल्लेलं आपलं तुकडाभर शेत तर तिने पाहणंच सोडलं होतं.

त्या दिवशी सकाळपासून चांदणी बेचैन होती. उठायची, बसायची, मागे वळून पोटाकडे पाहायची. कळा येत होत्या, पण पिल्लू येत नव्हतं. गावात जनावरांचा डॉक्टर नाही. परतवाड्याला अपेक्षा नावाची डॉक्टरीण होती, आमच्याच गावची लेक. तिच्याकडे न्यायचं म्हणून हलीमाबीने चांदणीला गोधडीत गुंडाळून डोंग्यात ठेवलं. सोबत नत्थुजी होते. गावातले म्हातारे, कानाने थोडे कमी. संत्र्याचं रिकामं क्रेट घेऊन ते बाजाराला निघाले होते.

अर्धं पाणी कापलं आणि वारा सुटला. लाटा डोंग्याच्या कुशीत धडका देऊ लागल्या. त्यातच इंजिन गुरगुरून बंद पडलं. पाण्यातलं कुणाचं तरी फाटकं जाळं पंख्यात गुंतलं होतं. नितेशने वल्हं मारून पाहिलं, पण वारा डोंगा मागेच ढकलत होता. शेवटी त्याने बुडालेल्या झाडांचा आसरा घेतला. धरणात गेलेल्या शिवारातली ती वाळकी झाडं, शेंडे तेवढे पाण्यावर. एका शेंड्याला त्याने दोर टाकला.

"आता?" हलीमाबीने विचारलं.

"आता वारं पडेपर्यंत इथंच, चाची."

"अन् हिचं काय रे?" तिचा आवाज फाटला. चांदणी आडवी झाली होती. तिने असा टाहो फोडला की माझ्या लोखंडालाही कंप सुटला.

इथे मोबाईलला टॉवर नव्हता. पण पैलतीरावर मच्छीमार संस्थेच्या कचेरीत वायफाय होतं, आणि नितेश संस्थेचा सभासद, त्याला पासवर्ड ठाऊक. त्याने फोन काढला. एवढ्या पाण्यावरून येता येता रेंज अगदी थकून येत होती. एकच बारीक रेघ, तीही चमकून विझणारी. तरी त्याने अपेक्षाला व्हिडिओ कॉल लावला.

"हॅलो... नितेशदादा... काय..." एवढंच आलं. मग तिचा चेहरा तोंड उघडं ठेवून तसाच थिजला.

"काय म्हणते ते? मले आयकूच नाई येऊन राह्यलं," नत्थुजी म्हणाले.

आता ऐका हं. आमच्याकडे गाणी मोठ्याने वाजवायची तर फोन भांड्यात ठेवतात. भांडं आवाज वाढवतं. म्हणून नितेशने मला उचललं, हिसडून पाणी झटकलं आणि फोन माझ्यात ठेवला. योगायोग असा की त्याने मला फळीवर कलती ठेवली होती आणि माझं तोंड पैलतीराकडे होतं.

"...पिल्लाचा पाय दिसते का? दादा, आयकू येते का?"

आवाज खणखणीत! नितेशने वाकून पाहिलं. एका रेघेच्या तीन झाल्या होत्या. "अरे! काकाजी, हे तर रेंज धरून राह्यली! कढई रेंज धरून राह्यली!"

नत्थुजींच्या घरावर टीव्हीची छत्री होती. त्यांना लगेच सगळं समजलं. "मंग येड्या, छत्री अशी आडवी असते का? आभायाकडं कर तोंड. आन इकडे!" आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं, तोंड सरळ आभाळाकडे. नितेशने वर हात करून फोन माझ्या पोटाशी धरला.

रेंज गेली. पार गेली.

"अजून वर करा," नितेश म्हणाला.

"अजून वर? मी का ताडाचं झाड हाओ?"

"भांडू नका रे!" हलीमाबी ओरडली. "माही चांदणी चालली!"

नत्थुजींचे हात म्हातारे, आणि मी काही हलकी नव्हे. ते हळूहळू खाली आले, आणि मी पुढे कलले. माझं तोंड पुन्हा पैलतीराकडे झालं, त्या कचेरीच्या पत्र्याकडे. "हॅलो, हॅलो" पुन्हा सुरू!

तेव्हा कुठे तिघांच्या ध्यानात आलं. टीव्हीला पाहिजे ते आभाळातून येतं, म्हणून छत्री वर पाहते. आपल्याला पाहिजे ते पाण्यावरून येत होतं. मला फक्त ते जिकडून येतं तिकडे तोंड करून बसायचं होतं. तेल कसं चहूकडून उतरून माझ्या मध्यात गोळा होतं, तशाच त्या न दिसणाऱ्या लहरी माझ्या अंगावर आपटून फोनपाशी गोळा होत होत्या.

नितेशने संत्र्याचं क्रेट फळीवर ठेवलं, त्यावर मला उभी टेकवली आणि सुतळीने आवळलं. उंचावर गेल्याने आणखी एक रेघ वाढली. फोन माझ्या काठापाशी असा उभा खोचला की त्याचा पडदा चांदणीकडे राहील. अपेक्षा आम्हाला दिसायची, तिला चांदणी. पण वाऱ्याने डोंगा फिरला की माझं तोंड फिरायचं, आणि डॉक्टरीण पुन्हा थिजायची. एका दोराने बांधलेला डोंगा तो, खुंट्याला बांधलेल्या वासरासारखा गिरक्या घेणारच. तेव्हा नितेश पाण्यात उतरला, पोहत दुसऱ्या शेंड्याशी गेला आणि डोंग्याचं मागचं टोकही बांधून आला. आता डोंगा दोन झाडांमध्ये पाळण्यासारखा ताठ राहिला. मीही हलले नाही, आणि रेंजही.

एक अडचण मात्र राहिली. मी क्रेटवर, मग पाणी कोण उपसणार? नत्थुजींनी आपल्या डब्याचं झाकण काढलं आणि बसल्या जागी उपसू लागले. "भाकर खाल्ली असती तर जोर तरी आला असता," ते पुटपुटले.

"चाची, घाबरू नको," अपेक्षा आता समोर बसल्यासारखी बोलत होती. "सांग, काय दिसते?"

"नाक दिसते बेटा. अन् एकच पाय."

"दुसरा पाय मांगं दुमडला असंन. हात साबणानं कोपरापर्यंत धू. तुह्या बांगड्या काढ."

डिझेलचे हात धुवायला नितेश साबणाची वडी ठेवायचा, ती कामी आली. हलीमाबीने बांगड्या उतरवून नत्थुजींच्या हातात दिल्या, फेस केला आणि पदर खोचला.

"आता कळ आहे? मंग थांब, ओढू नको. कळ जाऊ दे. गेली? आता डोकं हळूच मांगं ढकल. खूर सापडलं का? ते तळहातात झाक, मंग पुढं आण. आत लागलं नाई पायजे."

हलीमाबीचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. तिने दुवा मागितली, मग जात्यावरच्या बायांसारखं ती गुणगुणू लागली. शब्द तिचे तिनेच जुळवले होते:

सुट सुट वं गाठी, रेशमाच्या दोरी,
काळ्या आभायाच्या पोटी चांदणीच्या पोरी...

"सापडलं," ती एकदम म्हणाली. "सापडलं वं माय, आलं हातात!"

"आता कळेसंगं ओढ. खालच्या अंगानं. हळू."

आणि पिल्लू आलं. ओलं, काळं, गोधडीवर निपचित. हललं नाही.

नत्थुजी पाहायला उठले, डोंगा हेलकावला, सुतळी सुटली आणि मी क्रेटवरून घसरले. अपेक्षाचा चेहरा गेला. नितेशने झडप घालून मला उरलेल्या कानाने धरलं, छातीशी टेकवलं आणि तोंड पैलतीराकडे केलं. मी मनात म्हणत होते, बाई, बोल, एकदाच बोल.

"...नाक पूस! तोंडातलं बोटानं काढ! गवताची काडी घे, नाकात फिरव! अन् अंग चोळ, जोरानं चोळ!"

हलीमाबीने क्रेटच्या तळाला चिकटलेल्या गवताची काडी घेऊन फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. नत्थुजींचा हात झाकणासकट हवेत थांबला होता.

मग त्या एवढ्याशा जिवाला शिंक आली.

मित्रांनो, आयुष्यभर मी चुरचुर ऐकली, वाहवा ऐकली. पण तसा गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता. हलीमाबी रडतही होती, हसतही होती. चांदणीने मान वळवली आणि पिल्लाला चाटायला घेतलं. थोड्या वेळाने दुसरं पिल्लूही आलं, कुणाला काही न विचारता, सरळ.

"पाठी आहेत का बोकड?" पडद्यावरून प्रश्न आला.

"दोनी पाठी!" नितेश ओरडला.

"चाची, आता माही एक गोष्ट आयक," अपेक्षा म्हणाली. "पुढच्या वेळी सकाळपासून वाट पाहत नको बसू. गाभण झाली की मले आधीच दाखव. आज सुटली म्हणून, नाईतर..."

"हाव बेटा. चुकलं माहं," हलीमाबी म्हणाली, आणि फोनवर हात फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली. पडद्यावर साबणाचा फेस राहिला.

नत्थुजींनी बांगड्या परत दिल्या. मग डब्यातली भाकर काढली, तिचे चार तुकडे केले आणि चौथा चांदणीपुढे धरला. संध्याकाळी वारा पडला. नितेशने पंख्यातलं जाळं कापलं, आणि आम्ही मागे वळलो, घराकडे. परतवाड्याला जायची आता गरजच नव्हती.

त्यानंतर पाणी उपसायला नितेशने प्लास्टिकचं टमरेल आणलं. मला त्याने डोंग्याच्या मधोमध बांबूवर पक्की बसवली आहे, तोंड फिरवता येईल अशी. कुणाला लेकीशी बोलायचं असतं, कुणाला मंडीतला संत्र्याचा भाव पाहायचा असतो. डोंगा त्या दोन झाडांपाशी थांबतो, नितेश दोन्ही टोकं बांधतो, मग मला कचेरीकडे वळवतो. हलीमाबी दर आठवड्याला पिल्लं डोंग्यात घेऊन येते आणि अपेक्षा ती फोनवर पाहते. त्या दोघी आता एवढ्या धीट झाल्यात की फोनच चाटायला येतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मुकं जनावर कण्हू लागलं की उद्यावर ढकलू नका; जाणत्याला विचारा, लवकर विचारा. आणि घरात एखादं भांडं कान तुटून पडलं असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. पाण्यावरच्या दमट हवेत लोखंडाला गंज फार लवकर धरतो. म्हणून तुम्ही कधी आमच्या डोंग्यात बसलात, तर उतरण्याआधी फडक्याने मला कोरडी पुसा आणि तेलाचं एक बोट फिरवा. दुपारनंतर वारा सुटतो, आणि पैलतीराकडून कोण कधी हाक मारेल, ते सांगता येत नाही.