खुर्चीची खालची बाजू

"ऐच्छिक म्हणे! पाहुणे 'चहा नको हो' म्हणतात आणि कप येईपर्यंत उठत नाहीत, तसलं हे ऐच्छिक."

हे सोफ्याखाली आडवे पडून पुटपुटत होते. मी शेजारीच फोम कापत होते, म्हणून ऐकू आलं. सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवायचं आमचं दुकान. पुढे काम, मागे घर. लोकांच्या बसण्याची सोय करता करता आम्हाला टेकायला फुरसत नाही.

पुटपुटण्याचं कारण आमची लेक. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून घरात ती टाचणी. तिला फर्निचर डिझाइनच्या कॉलेजात जायचं होतं. मुख्य अर्ज भरून झाला होता. त्याला स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूचे फोटो जोडता येत होते, सक्ती नव्हती. टाचणीने आरामखुर्ची केली होती, सांगाड्यापासून कापडापर्यंत. मार्क बेताचेच, त्यामुळे ही खुर्चीच काय ती तिला तारणार होती. पण काम दुसऱ्याचं निघालं तर अर्ज बाद, असंही खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"पाठवू नकोस," ह्यांनी आठवडाभर लावून धरलं होतं. "ते लोक आपली कल्पना उचलतील."

"बाबा, साधी खुर्ची आहे. तिच्यातून काय उचलणार?"

"मग साधी खुर्ची दाखवायची कशाला?"

ह्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, कारण मात्र एकही नव्हतं. मला संशय आला. लेक दुसऱ्या गावी जाणार म्हणून जिवावर येतंय का? पण मुख्य अर्ज भरताना तिच्या शेजारी बसून स्पेलिंग तपासणारा हाच माणूस.

टाचणीचंही काहीतरी बिनसलं होतं. फोटो काढायला तिने खुर्ची खिडकीपाशी नेली. समोरून काढले, बाजूने काढले, हाताच्या दांडीचे तर इतके, जणू दांडीचा पासपोर्ट काढायचाय. खुर्ची उलटी करायची म्हटलं, की मात्र हिचा फोन गरम व्हायचा, नाहीतर उजेड जायचा.

"खालची बाजू राहिली," मी म्हटलं. "शिवणीचे फोटो मागितलेत ना?"

"काढते गं."

"कधी? खुर्ची म्हातारी झाल्यावर?"

ती फोन ओढणीला पुसत राहिली. टाचणी, आणि टोचलं नाही! दोघा बापलेकीत काहीतरी शिजत होतं, आणि मला वासही लागू देत नव्हते. ती आत गेली तशी मी खुर्ची आडवी केली.

शिवण सुरेख होती. टाके सारख्या अंतरावर, आणि सगळे डावीकडे कललेले. आमच्या घरात डावखुरा माणूस एकच, आणि तो सोफ्याखाली एकाएकी फारच मन लावून ठोकाठोक करायला लागला होता.

म्हणजे लेकीने बापाकडून करून घेतलं? मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. खुर्ची सरळ करून मी ती उगाच फडक्याने पुसत बसले.

"बघितलंस ना?" टाचणी दारात उभी होती. "मी सांगितलं नव्हतं हं त्यांना." मग सोफ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, फोटो पाठवत नाहीये मी."

"बरं केलंस," सोफा म्हणाला.

"इतकी वाईट होती माझी शिवण?"

हातोडी थांबली.

"सांगा ना. इतकी वाईट असेल तर तो अर्जही मागे घेते. उगाच कशाला जायचं तिथे?"

हे सरपटत बाहेर आले. डोक्याला कापूस, ओठांत खिळे. खिळे एकेक करून काढले, वाटीत ठेवले. एवढा वेळ लावून ठेवण्यासारखे ते खिळे नव्हते.

"तुम्ही दोघी बाजारात गेलात, तेव्हा बसलो. म्हटलं, चार टाके नीट करावेत."

"म्हणजे वाकडेच होते."

"नव्हते."

"मग उसवले कशाला?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीकडे पाहिलं.

"सगळी खुर्ची तपासली. हात लावायला कुठे जागाच नव्हती," हे म्हणाले. "तुला सगळंच यायला लागलंय. मग मी कशाला उरलो, असं वाटलं."