पाठमोरी मोलकरीण

वैशालीला यातून काय मिळणार होतं? तीन वर्षं गर्दीतल्या किंकाळ्या दिल्यावर नावाची पहिली भूमिका. शहाजीला? हा पिक्चर बरा उतरला तर पुढचे पाच. म्हणजे गरज त्याचीच मोठी. पण खुर्चीही त्याचीच, त्यामुळे ती गरज दिसत नसे.

सत्त्याण्णव साल. सानपाड्यात एका फ्लॅटच्या भिंतींना गाद्या ठोकून डबिंग स्टुडिओ केलेला. जपानी कार्टून, पण मोठ्यांचं: काळोखा महाल, रक्त पिणारा उमराव आणि त्याला सोडून जाऊ न शकणारी मोलकरीण. हिंदीत उमराव शहाजी स्वतः, दिग्दर्शकही तोच. मोलकरीण वैशाली. दोघं समोरासमोरच्या माइकवर.

लग्नापासून वडील आपल्याशी बोलत नाहीत, हे तिने एकदा चहा पिताना त्याला सांगितलं होतं. झालं. शेवटाआधी रडायचे अकरा प्रसंग होते; दर वेळी शहाजी हळूच विचारी, "बाबांचं पत्र आलं का गं?" तिचा आवाज थरथरला की गडी खूष. "हां, हाच! पंढरी, घेतलंस ना?"

काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणाऱ्या पंढरीला सक्त ताकीद होती: टेप थांबवायची नाही, रडू सांगून येत नाही.

शेवटचा शॉट. मोलकरीण दारात पाठमोरी. उमराव म्हणतो, "मत जाओ." ती म्हणते, "जैसी आज्ञा, मालिक." पडदा काळा.

"बाबांचं पत्र आलं का गं?"

"आलं, सर." आवाज सरळ. "डोळे गेलेत त्यांचे. शेजाऱ्याकडून लिहून घेतलंय, ये म्हणून. पनवेलहून साताऱ्याची गाडी आहे मला."

"आत्ता? अगं, एक ओळ राहिलीय!"

"राहू द्या. पाठमोरी आहे ती. ओठ कुठे दिसतायत?"

तिने हेडफोन काढून स्टँडला अडकवला. शहाजीने धमकावून पाहिलं, मग पुढच्या पाच पिक्चरांतही काम देऊ केलं. ती चपला घालत होती. त्याचे स्वतःचे शब्द संपले, तेव्हा त्याने उमरावाचे घेतले.

"मत जाओ."

आवाज मधेच फाटला. ती दारात क्षणभर थांबली, मागे न बघता. मग दार लागलं.

पंढरीने टेप थांबवली नव्हती. चित्रावर लावून पाहिली, तर तंतोतंत बसली: उमराव विनवतो, मोलकरीण उत्तर देत नाही, दार लागतं. कंपनीने पुढचे पाच दिले. कॅसेटच्या कव्हरवर वैशालीचं नाव छापून आलं.

त्या रडण्यांसाठी वैशालीने बाबांना अकरा वेळा खर्चलं. शहाजीने स्वतःला एकदाच, तेही टेपवर.